तिसरी ग्वाही

माझं अर्धं आयुष्य लोकांच्या मोडक्या गाड्या बघण्यात गेलं. गाडी मोडली की मालक विम्याचा दावा लावणार, आणि ती खरंच मोडली की मोडवली हे बघायला कंपनी मला पाठवणार. घाटात ट्रक उलटला की ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसलेला असायचा आणि मी रस्त्यावर ब्रेकच्या खुणा शोधत हिंडायचे. निवृत्त झाले तरी नजर काही निवृत्त झाली नाही. शेजारीण साखर मागायला आली तरी मी आधी तिच्या वाटीचा आकार बघते. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते एका संशयी बाईचं सांगणं आहे, एवढं धरून चाला.

आम्ही चौघं एकाच पॉलिटेक्निकचे, एकाच बाकावरचे. दसऱ्याच्या सुट्टीत दरवर्षी कुठंतरी भटकायला जायचं हे तेव्हापासून चालत आलेलं. लग्नं झाली, पोरं झाली, गुडघे गेले, पण भटकणं सुटलं नाही. यंदा थरचं वाळवंट ठरलं आणि जोधपूरला एक घरगाडी भाड्यानं घेतली. घरगाडी म्हणजे बसएवढी विजेवर चालणारी गाडी. आत चार बिछाने, शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी आणि टपावर सोलरची पॅनेलं.

गाडी सुहासच्या नावावर घेतली होती, कारण असल्या कामांत तोच सगळ्यांत सावध. सुहास बोधे बेअरिंगच्या कारखान्यात मालाची तपासणी करायचा. शंभरात किती खराब निघाले यावर पूर्ण पेटी ठेवायची की परत पाठवायची हे त्यानं तीस-पस्तीस वर्षं ठरवलं. दुसरा गजेंद्र माळवदे. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, तोंड सतत चालू, खाण्यासाठी किंवा बोलण्यासाठी. आणि नीलांबरी तोडकर. माझी जिवाभावाची मैत्रीण म्हणावी अशी आयुष्यात एकच, ती ही. ओगलेवाडीला तिचं गॅरेज आहे, आणि आमच्या चौघांत पदविकेचा खराखुरा उपयोग तिनंच केला.

वाळवंटात घरगाडी म्हणजे रोज काहीतरी मोडणार. पहिल्याच दिवशी सरकत्या दाराच्या खाचेत वाळू बसली आणि दार अर्ध्यावर अडकलं. नीलांबरीनं रंगाच्या ब्रशनं खाच झाडून काढली. "ग्रीस लावू नका रे कुणी, वाळू आणखी चिकटंल," म्हणाली. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं बाहेरच्या कापडी छताचा हात मोडला. तिनं तंबूची खुंटी लावून त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी आवळली, एखाद्याचा हात प्लास्टरमध्ये घालावा तसा. मग पाण्याच्या पंपात हवा धरली, तर तिनं नळीला तोंड लावून हवा ओढून काढली आणि गजेंद्रच्या अंगावर चूळ टाकली. तिला बोलावं लागायचं नाही. कुठं खडखड झाली की ती पान्याची पिशवी घेऊन उठायचीच.

"एवढी हौस आहे तर गाडीच विकत घे," गजेंद्र म्हणायचा.

"मी घेतली तर तुला कोण बसू देणारेय?"

या सगळ्यावर एक पाचवी व्यक्ती लक्ष ठेवून होती. गाडीतलं निदानयंत्र. कंपनीनं त्याला 'मीमांसा' असं भारदस्त नाव दिलं होतं, आम्ही तिला मीमांसाबाई म्हणायचो. तिचं काम मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं.

पूर्वी भाड्याच्या गाडीत बिघाड झाला की भांडण ठरलेलं असायचं. कंपनी म्हणणार तुम्ही मोडली, भाडेकरू म्हणणार आधीच मोडकी होती. त्या भांडणावरच माझी नोकरी चालायची. मीमांसेनं ती संपवली. गाडीच्या फरशीत, झाकणांत, कड्यांत बारीक कंपनमापक बसवलेले असतात. प्रत्येक माणसाची पावलं वेगळी पडतात, झाकण उचलताना हाताचा जोर वेगळा लागतो. दोन दिवसांत यंत्राला कुणाचा हात कुठला हे ओळखता येतं. मग काही बिघडलं की ते हिशेब करतं: धातू थकला म्हणून किती टक्के, रस्त्यामुळे किती, उन्हामुळे किती, आणि माणसाच्या हातानं किती. माणूस असेल तर कोण, तेही सांगतं. न्यायालयं तो अहवाल मानतात.

मेकॅनिक लोकांना याचा धाक जास्त. विजेच्या गाड्या उघडायला हल्ली परवाना लागतो, त्याला सगळे हातपरवाना म्हणतात. तुमच्या नावावर 'हस्तक्षेप सिद्ध' असा एक अहवाल चढला की हातपरवाना गेला. पुन्हा मिळत नाही. नीलांबरीच्या गॅरेजवर तिच्या घराबरोबर पाच-सहा कामगारांची घरं चालतात, आणि त्या सगळ्यांच्या कामावर परवाना तिचा एकटीचा.

"तुला भीती नाही वाटत?" मी तिला विचारलं होतं. "भाड्याच्या गाडीत हात घालतीस ती."

"किरकोळ आवळाआवळीला मुभा आहे की. आणि हात लावल्याबिगर मला गाडी कळत न्हाई."

खंडेनवमीची सकाळ आम्ही रामगढच्या पुढे एका आडरस्त्यावर काढली. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि नीलांबरीनं वाळवंटातही ती सोडली नाही. तिच्या गॅरेजची पद्धत अशी की पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर धुऊन पुसून त्यांना तेलात कालवलेली हळद चोळायची. पूजाही होते आणि गंजही लागत नाही. तिनं टॉवेलवर सगळी हत्यारं मांडली, एका झुडपाची चार पिवळी फुलं वाहिली, गजेंद्रनं गुळाचा नैवेद्य दाखवण्याआधीच खाल्ला. मग आम्ही निघालो. तो रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा होता. तासभर दात वाजल्यावर फरशीखालून बारीक खुळखुळ ऐकू यायला लागली. नीलांबरीनं गाडी थांबवायला लावली, स्वयंपाकाच्या ओट्याखालचं झाकण उघडलं आणि आत कोपरापर्यंत हात घालून पान्यानं काहीबाही आवळलं. खुळखुळ थांबली.

जेवणं झाली आणि थोड्या वेळानं गाडी आपोआप बाजूला जाऊन उभी राहिली. थंड हवा बंद पडली.

"शीतक द्रवाची तीन ठिकाणी गळती आढळली आहे," मीमांसाबाई मंजूळ आवाजात म्हणाली. "सुरक्षिततेसाठी गाडी थांबवत आहे. मदतवाहन उद्या दुपारपर्यंत पोहोचेल. कृपया घाबरू नका."

बॅटरी तापू नये म्हणून तिच्याभोवती नळ्यांतून एक द्रव फिरतो, त्याला शीतक म्हणतात. तो गळला तर बॅटरी पेट घेऊ शकते. गळती लगेच दिसावी म्हणून त्यात एक रंग मिसळलेला असतो. जांभळा दिवा पडला की तो रंग पिवळा-हिरवा चमकतो. बॅटरीच्या पेटीत असे जांभळे दिवे आणि बारीक कॅमेरे असतात. थेंबभर चमक दिसली तरी यंत्र गाडी थांबवतं. पडद्यावर चित्र आलं. अंधारी पेटी आणि तीन ठिकाणी पिवळसर चमकणारे डाग. एक पंपाच्या पट्टीवर, दोन नळीच्या आवळपट्ट्यांवर.

"तिथंच तर मी आवळलं," नीलांबरी म्हणाली.

तेवढ्यात खाली ओळी उमटल्या. संभाव्य कारण: मानवी हस्तक्षेप, सत्त्याऐंशी टक्के. संबंधित व्यक्ती: नीलांबरी तोडकर.

गजेंद्र काहीतरी विनोद करायला गेला आणि त्यालाच तो पटला नाही. नीलांबरीचा चेहरा उतरला. "अगं, मी नुसतं आवळलं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "गळत असतं तर मला दिसलं नसतं?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझं डोकं जुन्या सवयीनं चालू झालं होतं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, 'ह्या बाईला एकदा गंडवून दाखवते बघा.' आदल्या दिवशी सगळे झोपेत असताना तिनं तेच झाकण उघडलेलं मी पाहिलं होतं. तिला यंत्राचा राग होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्र खोटं पाडायला म्हणून तिनं एखादी नळी सैल केली असेल आणि ती हाताबाहेर गेली असेल? असे उद्योग करणारी माणसं मी खूप पाहिली होती. पण मग गजेंद्रचं काय? त्याला हा रस्ता नकोच होता, परत फिरू म्हणून तो सकाळपासून मागे लागला होता. आणि सुहास जेवण झाल्यावर एकटाच गाडीत गेला होता, तो कशाला? दहा मिनिटांत मी तिघांवरही खटले भरून मोकळी झाले.

मग मीमांसाबाईनं ग्वाही मागितली.

हे कायद्यानं नंतर जोडलेलं कलम. यंत्रही चुकू शकतं, आणि वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या माणसांना जे कळतं ते कंपनमापकाला कळत नाही, म्हणून बरोबरच्या लोकांना विचारायचं: ही व्यक्ती असं करणार नाही, अशी ग्वाही तुम्ही देता का? प्रत्येकानं एकट्यानं चालकाच्या केबिनमध्ये जायचं आणि काचेवर अंगठा ठेवायचा. ग्वाही द्यायची तर हिरव्या चौकोनावर, नाकारायची तर लाल. कुणी काय केलं ते कधीच उघड होत नाही. सगळ्यांनी ग्वाही दिली तर अहवाल 'अनिर्णित' राहतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. एकानं जरी नाकारली तरी हस्तक्षेप सिद्ध. हरकतीचा पुरावा द्यायला सूर्यास्तापर्यंत मुदत, मग अहवाल उपग्रहामार्फत रवाना. दयेपोटी केलेली सोय होती ती. करणाऱ्यांनी कधी मित्रांबरोबर प्रवास केला नसावा.

आधी गजेंद्र गेला, मग सुहास, शेवटी मी. केबिनमध्ये ऊन भरलं होतं. माझी खात्री पटलेली नव्हती, हे लपवत नाही. पण समोर पुरावा असतानाही एखाद्याच्या बाजूनं उभं राहावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं, आणि ते माणूस नीलांबरी होतं. मी हिरव्यावर अंगठा ठेवला.

बाहेर आले. पडद्यावर ओळ उमटली. प्राप्त ग्वाही: दोन.

गजेंद्रनं पडदा पुसला, जणू त्यावर धूळ बसलीय.

नीलांबरीनं तिघांकडे पाहिलं. पण गजेंद्रवरून आणि सुहासवरून तिची नजर नुसती गेली. थांबली ती माझ्यावर.

"सवय जात न्हाई ना गं?" ती म्हणाली.

"मी दिलीय ग्वाही."

"आम्ही पण दिलीय," गजेंद्र आणि सुहास जवळजवळ एकदमच म्हणाले.

"म्हणजे तिघांनी दिली आणि आकडा दोन," नीलांबरी म्हणाली. "बरंय."

ती उतरून कापडी छताच्या सावलीत पाठमोरी बसली. तिचं सगळं गॅरेज त्या आकड्यात बुडत होतं आणि तिला त्याहून जास्त दुसरंच लागलं होतं, ते तिच्या पाठीवरून कळत होतं. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. आयुष्यात एकदा डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि नेमकी त्याच वेळी मी चोर ठरले. मैत्रीसाठी वगैरे नाही, त्या रागापोटी मी झाकण उघडलं आणि टॉर्च घेऊन पालथी पडले.

दाव्याची तपासणी करताना पहिला प्रश्न असतो, गेलेला माल गेला कुठं? तोच मी मीमांसेला विचारला. "टाकीत शीतक किती आहे?"

"पूर्ण. घट मोजण्याइतकी नाही."

"मग गळलं काय?"

"सूक्ष्म गळतीत सुरुवातीला घट दिसत नाही," ती म्हणाली. उत्तर बरोबर होतं. असल्या बरोबर उत्तरांनीच मी पूर्वी माणसं अडकवली होती.

मी आत हात घालून तिन्ही डाग रुमालानं टिपले. बोटांना तेलकट लागलं, रुमालावर पिवळं उठलं. शीतकाचा रंगही पिवळाच असतो, तेव्हा त्यानं काही सिद्ध होईना. ऊन उतरायला लागलं होतं. मी वैतागून बाहेर आले, पाण्याच्या कॅनखाली हात धरले आणि साबण लावला.

फेस लाल झाला.

मी बघतच राहिले. मग रुमालावर साबण घासला. पिवळ्या डागाचा कुंकवासारखा लालभडक डाग झाला. आमच्याकडे लग्नाघरी हळदीची पातळं धुतलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही.

"गज्या!" मी ओरडले. "इकडं ये आधी! हळद जांभळ्या दिव्यात चमकते का रे?"

गजेंद्र तोंडातला घास तसाच ठेवून आला. रुमाल बघितला आणि मटकन वाळूत बसला. "चमकते म्हणजे? लखलख चमकते! आणि तेलात कालवली तर विचारूच नकोस. आईशप्पथ, आमच्या कारखान्यात आम्ही मुद्दाम बघायचो." मग तो हसायलाच लागला. "अगं, हिनं पान्यांना हळद फासली आणि तेच पाने घेऊन पेटीत शिरली! जिथं जिथं पाना लागला तिथं तिथं गळती!"

तसंच झालं होतं. त्या यंत्राला हजार प्रकारचे बिघाड शिकवले होते, पण ज्यांनी ते बनवलं त्यांच्या स्वप्नातही पान्याला हळद लावणारी माणसं आली नव्हती. आणि नीलांबरीनं जिथं हात लावला नेमकी तिथंच चमक, तेव्हा यंत्रानं तिच्यावर बोट ठेवावं यात त्याची तरी काय चूक?

आम्ही तिन्ही जागा साबणाच्या पाण्यानं पुसल्या. सुहासनं रुमालाचे फोटो काढले, नीटपणे, चारही बाजूंनी, आणि हरकत नोंदवली. नव्यानं चित्र घेतलं गेलं. पेटी काळीकुट्ट. कुठं ठिपका नाही.

"नवा पुरावा स्वीकारला," मीमांसाबाई म्हणाली. "गळती नाही. हस्तक्षेपाचा अहवाल रद्द केला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. मदतवाहनाची मागणी मागे घेतली आहे."

थंड हवा सुरू झाली. गजेंद्रनं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. नीलांबरी दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसली नाही.

"आणि ते दोन?" तिनं पडद्याला विचारलं. "ते पण रद्द कर की."

"ग्वाहीची नोंद गोपनीय आहे. ती बदलता येत नाही."

"मला जैसलमेरला उतरवा," नीलांबरी आम्हाला म्हणाली. "मी रेल्वेनं जाते."

"आता कशाला गं?" गजेंद्र म्हणाला. "मिटलं की सगळं."

"परवान्याचं मिटलं. पण तुमच्यातल्या एकाला वाटलं की मी असली हाय. कोण, ते मला कळणार न्हाई. मग मी तिघांपासून लांब राहिलेलं बरं. दरवर्षी तुमच्या तोंडाकडं बघत बसू व्हय, हा का ती, ही का तो?"

ती मागच्या बिछान्यावर जाऊन बसली आणि तिनं पडदा ओढून घेतला. सुहास गाडी चालवत होता. गजेंद्र खात नव्हता, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्या दोघांच्या मानेकडे बघत विचार करत होते. गजेंद्र मनातलं पोटात ठेवू शकत नाही. पण भित्रा आहे. सुहास कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण आकड्यापुढे त्याला काही दिसत नाही. दोघांच्याही नावापुढे मी बरोबरची खूण केली आणि दोघांच्याही नावापुढे फुली मारली. शेवटी मला कंटाळा आला. मला गुन्हेगार नको होता. मला नीलांबरी हवी होती. ती पडद्यामागे बसून आमची चाळीस वर्षं एकेक करून मोडीत काढत होती, आणि यंत्र कितीही शहाणं असलं तरी ते दुरुस्त करायला येणार नव्हतं.

रस्त्याच्या कडेला एका खेजडीच्या झाडाखाली आम्ही चहाला थांबलो. सूर्य टेकला होता. शेगडी बाहेर मांडली, सुहासनं चार कप भरले. नीलांबरी उतरली, पण कप घेतला नाही.

मी म्हणाले, "नीले, ग्वाही मी नाकारली."

ती वळली.

"तू झाकण उघडताना मी पाहिलं होतं. मला वाटलं तू यंत्राला गंडवायला बघतीयस. लाल चौकोनावर अंगठा ठेवला आणि तुझ्यासमोर खोटं बोलले. या दोघांनी ग्वाही दिलीय. यांच्यावर रुसू नकोस."

हे बोलत असताना मी तिच्याकडे बघायला हवं होतं. पण नजर खोडसाळ, ती त्या दोघांकडे गेली. मी जीव तोडून खोटं बोलत होते, की सापळा लावत होते? मनावर हात ठेवून सांगते, मला अजूनही ठरवता येत नाही.

"तू?" गजेंद्र उसळला. "वृषे, तू? आणि दुपारभर आम्हाला कशी निरखत होतीस गं! मला वाटायला लागलं होतं की माझाच अंगठा चुकून भलतीकडं पडला!" त्यानं एका क्षणात विश्वास ठेवला. त्याला ठेवायला काही अडचणच नव्हती.

नीलांबरीनंही ठेवला. तिला क्षणही लागला नाही. "वाटलंच होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखं होतं. "सांगितलंस ते बरं झालं. आता निदान या दोघांच्या हातचा चहा घशाखाली उतरंल." तिनं शेगडीजवळचा कप उचलला आणि माझ्याकडे पाठ केली.

हेच हवं होतं ना मला? मग घ्या.

सुहास मात्र माझ्याकडे बघत होता. हातातली किटली तशीच तिरकी, चहा वाळूत सांडत होता, आणि तो भूत पाहिल्यासारखा माझ्याकडे बघत होता. मी खोटं बोलतेय हे त्या खेजडीखाली फक्त एकाच माणसाला कळणार होतं, ज्यानं खरोखर ग्वाही नाकारली त्याला. मी मान हलवली. नको, गप्प बस. मिटलंय ते मिटू दे.

त्यानं किटली खाली ठेवली.

"नीलांबरी," तो म्हणाला, "वृषाली खोटं बोलतीय."

नीलांबरी हळूच वळली. "तुला कसं ठाऊक?"

गजेंद्रनं आधी सुहासकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"सुहास, तुला कसं ठाऊक?"

"सत्त्याऐंशी टक्के म्हणत होतं गं ते," सुहास म्हणाला. "मी जन्मभर... सत्त्याऐंशी म्हणजे माल परत पाठवायचा, यात मी कधी विचारच केला नाही. अंगठा ठेवला आणि बाहेर येईपर्यंत कळलं की काय केलं. पण ते परत घेता येत नव्हतं."

"आणि उरलेले तेरा?"

सुहासनं सांडलेल्या चहावर पायानं वाळू ओढली.

"ते तेरा म्हणजे मी होते रे, सुहास," नीलांबरी म्हणाली. "एवढी वर्षं तुझ्याबरोबर हिंडणारी मी. तेवढे पण धरता आले नाहीत तुला?"

सुहास रडायला लागला. म्हातारा माणूस, शेगडीजवळ उभा राहून, तोंडावर हात घेऊन. गजेंद्र त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेला आणि अर्ध्यात थांबला. नीलांबरीनं चहा संपवला, कप विसळला आणि ती चालकाच्या जागेवर जाऊन बसली. जैसलमेरच्या स्टेशनाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. रेल्वेनं जायचं की नाही ते तिनं अजून ठरवलं नसावं.

"वृषे," तिनं हाक मारली, "पुढं ये. माझ्याशेजारी बस."

मी जाऊन बसले. तिनं माझा हात घट्ट धरला, म्हणाली, "वेडी आहेस. माझ्यासाठी खोटं बोललीस," आणि मी हो म्हटलं. गाडी चालू झाली. हात तिच्याच हातात होता, आणि मी काचेतून समोर बघत होते. मी गुन्हेगार आहे हे मान्य करायला तिला क्षणही लागला नव्हता. जैसलमेरचे दिवे दिसायला लागले तरी माझ्या डोक्यात तेच चाललं होतं.